उरलेलं अर्धं : खानदेशातल्या चित्रभाषेच्या अभ्यासाची प्रस्तावना

१९३६ सालच्या डिसेंबरात पूर्व खानदेशातल्या फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं. खेड्यात भरलेलं हे पहिलंच अधिवेशन. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू होते, शेतकऱ्यांच्या प्रश्नांवरचा कार्यक्रम इथेच मंजूर झाला, हे इतिहासाच्या पुस्तकांत सापडतं. आपल्याला मात्र पाहायचे आहेत ते तिथले मंडप आणि कमानी. त्यांच्यासाठी गांधीजींनी शांतिनिकेतनहून नंदलाल बोस यांना बोलावून घेतलं. वास्तुविशारद म्हात्रे जोडीला होते. बांबू आणि आसपासच्या गावांत मिळणारं साधं साहित्य एवढ्या भांडवलावर अधिवेशनाचं टिळकनगर उभं राहिलं.

ज्याच्या घराची ताटी आणि खळ्याचं कुंपण बांबूचं, असा यावल-रावेरकडचा शेतकरी त्या कमानीखालून आत जात होता. ‘काँग्रेस खेड्याची आहे’ हे वाक्य व्यासपीठावरून आलं असतं, तर ते मानायचं की सोडून द्यायचं हे त्याच्या हातात होतं. अशी वाक्यं त्यानं बरीच ऐकली असणार. कमानीनं ते वाक्य उच्चारलंच नाही. तिनं फक्त त्याच्या रोजच्या वापरातली वस्तू प्रवेशद्वारावर मानानं चढवली. ‘म्हणजे ही सभा आपली’ हा शेवटचा तुकडा त्याचा त्यानं जोडायचा होता. कापडावर संगमरवर रंगवून शहरी थाटाची वेस उभारली असती, तर आतली भाषणं तीच राहिली असती आणि बाहेरचं म्हणणं नेमकं उलटं झालं असतं.

या पुस्तकाचा सगळा डोलारा या एका निरीक्षणावर उभा आहे. मन वळवणारं चित्र आपलं म्हणणं अर्धंच मांडतं. उरलेलं अर्धं पाहणारा आपल्या अनुभवातून, आशेतून, भीतीतून भरतो आणि स्वतः भरल्यामुळे ते त्याला आपलंच मत वाटतं. म्हणून चित्र कसं काढलंय एवढं पाहून भागत नाही. ते कुणासमोर ठेवलंय आणि त्या माणसाकडे आधीपासून काय आहे, हे विचारावं लागतं. जळगाव आणि धुळे या दोन जिल्ह्यांपुरतं पुस्तक लिहिण्याचं कारणही तेच. पाहणारा माणूस कुठल्या तरी गावचा असतो.

विषयाला नवख्या असलेल्या वाचकासाठी आधी त्याची हद्द आखून घेऊ. चित्र, अक्षर, रंग, आकार आणि त्यांची मांडणी यांतून कुणाला तरी काही पटवून देण्याचा प्रयत्न जिथे जिथे होतो, तिथवर ही हद्द जाते. जाहिरात तिच्यात येतेच. पण निवडणुकीचं चिन्ह, औषधाच्या बाटलीवरची खूण, लग्नपत्रिका, सरकारी फलक, ट्रकची मागची फळी, वाढदिवसाचा फ्लेक्स आणि मोबाइलवर सकाळी येणारं शुभेच्छांचं चित्र हेही येतं. ‘आम्ही फक्त माहिती देतो’ म्हणणारा तक्तासुद्धा येतो.

पटवण्याच्या कलेचा पहिला पद्धतशीर विचार इसवीसनापूर्वी चौथ्या शतकात ॲरिस्टॉटलनं केला. त्याच्या मते वक्ता तीन गोष्टींच्या बळावर पटवतो : स्वतःची पत, ऐकणाऱ्याच्या मनातली भावना आणि मुद्द्याचा युक्तिवाद. त्यानं आणखी एक गोष्ट हेरली होती. सभेत बोलताना युक्तिवादाची सगळी विधानं मांडायची नसतात. जे लोकांना आधीच मान्य आहे ते गाळायचं, म्हणजे ती कडी लोक स्वतः जोडतात. फैजपूरच्या कमानीनं नेमकं हेच केलं.

ही तीन बळं जळगावात एका दिवसात पाहता येतात. सराफ बाजारापासून सुरुवात करू. सोन्याचा कस गिऱ्हाइकाला नुसत्या डोळ्यांनी कळत नाही, म्हणून तिथली जाहिरात दागिन्याआधी पतीबद्दल बोलते. रतनलाल सी. बाफना यांच्या पेढीचं ‘जहाँ विश्वास ही परंपरा है’ हे वाक्य पाहा. त्यात दागिना नाही, भाव नाही, घडणावळीतली सूटही नाही. ‘ज्या वस्तूची पारख मला नाही, ती पारख असलेल्या भरवशाच्या माणसाकडूनच घ्यावी’ ही कडी गिऱ्हाईक घरूनच घेऊन आलेलं असतं. इतर पेढ्यांच्या पाट्यांवर दिसणारं स्थापनेचं साल हेच काम करतं.

मे संपत आला की कृषी सेवा केंद्रांच्या दारात दुसरं बळ कामाला लागतं. कपाशीच्या बियाण्याच्या पाकिटावरची पऱ्हाटी बोंडांनी लगडलेली असते आणि तिच्याशेजारी उभा असलेला शेतकरी हसत असतो. पाऊस अजून यायचा आहे, कर्ज काढून झालं आहे, अशा दिवसांत ते चित्र समोर येतं. डोळ्यांसमोर नसलेलं पीक ते दाखवतं आणि उरलेली बेरीज शेतकरी मनात करतो. तिसरं बळ शहराबाहेर जैन हिल्सवर दिसतं. भवरलाल जैन यांच्या कंपनीनं ठिबक सिंचन विकताना शब्दांपेक्षा प्रात्यक्षिकावर भर दिला : शेतकऱ्याला बोलवा, शेत दाखवा, नळी हातात द्या. तो युक्तिवाद डोळ्यांपुढे वाढलेल्या पिकाचा आहे. अर्थात, नीटनेटका परिसर कंपनीची पतही वाढवतो आणि हिरवा उतार मनात आशाही रुजवतो. प्रत्यक्षात तिन्ही बळं क्वचितच एकेकटी वावरतात. अभ्यासकाला ती सोडवून पाहावी लागतात, इतकंच.

वक्तृत्वाचं हे शास्त्र चित्राला लावायला माणसाला फार वेळ लागला. रोमन काळात सिसेरो आणि क्विंटिलियन यांनी ते भाषणापुरतं घोटीव केलं, पुढे शतकानुशतकं ते शाळेच्या फळ्यावर राहिलं. विसाव्या शतकात छापील जाहिरातींनी रस्ते भरून गेल्यावर विद्वानांचं लक्ष भिंतीकडे गेलं. १९६४ मध्ये रोलाँ बार्त या फ्रेंच समीक्षकानं पान्झानी कंपनीच्या शेवयांची एक जाहिरात उलगडून दाखवली. जाळीच्या पिशवीतून बाहेर डोकावणारे टोमॅटो, मिरच्या आणि पाकिटं पाहून फ्रेंच ग्राहकाच्या मनात नुकताच केलेला बाजार आणि इटलीपण जागं होतं, हे त्यानं मांडलं. तेच चित्र इटलीतल्या माणसाला तितकं इटालियन वाटणार नाही, अशी पुस्तीही जोडली. खुणा वाचणारी ही पहिली परंपरा. पाहणारा कुठला, हा प्रश्न तिनंच ठळक केला.

दुसरी परंपरा अलंकार मोजणाऱ्यांची. १९६५ मध्ये जर्मनीतल्या उल्म इथल्या आरेखनशाळेचे गुई बोन्सीपे यांनी जाहिरातीत शब्द आणि चित्र मिळून कोणते अलंकार घडवतात याची मांडणी केली. १९७० मध्ये झाक द्युराँ यांनी जाहिराती तपासून अलंकारांचा तक्ताच बनवला. कॅनडात हॅनो एसेस यांनी विद्यार्थ्यांकडून शेक्सपिअरच्या ‘मॅकबेथ’ नाटकाची पोस्टरं करून घेतली, प्रत्येक पोस्टर वेगळ्या अलंकाराचं. नाटक एक, वाटा अनेक. शिकवण्याच्या दृष्टीनं ही परंपरा आजही सर्वांत उपयोगी आहे. तिचा दोष असा की अलंकाराला नाव दिलं की काम संपलं असं वाटू लागतं.

तिसरी परंपरा वस्तूकडेच युक्तिवाद म्हणून पाहते. रिचर्ड ब्यूकॅनन यांनी १९८५ मध्ये मांडलं की आरेखित वस्तूसुद्धा वापरणाऱ्याला काही पटवत असते : तिची रचना हा मुद्दा, तिच्यातून दिसणारा स्वभाव ही पत आणि तिचा स्पर्श-रंग ही भावना. त्याच वर्षी रॉबिन किनरॉस यांनी ‘निव्वळ माहिती’ या दाव्यावर बोट ठेवलं. त्यांचं उदाहरण रेल्वेच्या वेळापत्रकाचं होतं. कोरडा दिसणारा तक्तासुद्धा टाइप निवडताना, रेघा मारताना काही भूमिका घेत असतो. भुसावळ जंक्शनवरची पिवळ्या फलकावरची काळी अक्षरं या नजरेनं पाहावीत. ती गावाचं नाव सांगतात, आणि ‘ही व्यवस्था देशभर एकसारखी आहे, तू बिनधास्त उतर’ हेही सांगतात. सजावट टाळणं हीसुद्धा पटवण्याची एक रीत आहे.

चौथा आवाज हा या कलेवरचा नैतिक आक्षेप. १९६४ मध्ये केन गारलँड यांनी इंग्लंडमधल्या सहकाऱ्यांसह एक जाहीरनामा काढला. आपलं कौशल्य क्षुल्लक माल खपवण्यात वाया जातंय, ते शिक्षण आणि लोकोपयोगी कामांकडे वळवावं, असं त्यांचं म्हणणं होतं. हा आक्षेप आजही शिळा झालेला नाही. फक्त एक विसरता कामा नये : लोकोपयोगी कामालाही पटवावंच लागतं, आणि तिथे फसणं जास्त महाग पडतं. त्याची उदाहरणं पुढे येतीलच.

हे सगळं वाचताना मराठी वाचकाला कुठेतरी ओळखीचं वाटेल. उपमा, रूपक, अतिशयोक्ती, श्लेष, अन्योक्ती हे आपण शाळेतच शिकतो, भले परीक्षेपुरतं. भामह-दंडींपासून मम्मटापर्यंत या देशात अलंकारांची जितकी बारीक छाननी झाली तितकी फार थोड्या ठिकाणी झाली असेल. अभिधा, लक्षणा आणि व्यंजना या शब्दशक्ती चित्रालाही लागू पडतात. दुकानाच्या पाटीवर काढलेला कुलूप-किल्लीचा आकार ‘इथे कुलपं मिळतात’ म्हणतो, ती अभिधा. तेच कुलूप पतपेढीच्या पाटीवर आलं की सरळ अर्थ बाजूला सरतो आणि सुरक्षितता पुढे येते, ती लक्षणा. आणि फैजपूरच्या बांबूतून जे सुचलं, ती व्यंजना. नवव्या शतकात आनंदवर्धनानं ‘ध्वन्यालोका’त सांगितलं की काव्याचा प्राण न बोललेल्या अर्थात असतो आणि तो सहृदयालाच कळतो. ॲरिस्टॉटलची गाळलेली कडी आणि आनंदवर्धनाचा ध्वनी यांचा मुक्काम एकच आहे, पाहणाऱ्याच्या मनात.

मात्र या दोहोंतला फरक झाकू नये. काव्यातला सहृदय आस्वाद घेऊन घरी जातो. बाजारातला पाहणारा खिशात हात घालतो, मतदानयंत्राचं बटण दाबतो किंवा फवारणीचं औषध उचलतो. आपल्या अलंकारशास्त्रानं रसभंगाचा विचार केला, फसवणुकीचा फारसा केला नाही. म्हणून परंपरेचं बोट धरूनही तिच्यापुढे दोन पावलं जाणं भाग आहे.

चित्रातून पटवण्याचा खानदेशच्या वेशीवरचा सर्वांत जुना मोठा दाखला अजिंठ्यात आहे, जळगावपासून साधारण ६० किलोमीटरवर. सतराव्या लेण्यात विश्वंतर जातक रंगवलं आहे : मागेल त्याला मागेल ते देऊन टाकणाऱ्या राजपुत्राची गोष्ट. हे लेणं स्वतः दानातून उभं राहिलं. वाकाटक राजा हरिषेणाच्या काळातल्या दात्याचा लेख तिथेच कोरलेला आहे. दानाची कथा दानातून बांधलेल्या भिंतीवर रंगवली की भिंतच पुरावा होते. चौकट न आखता तोच राजपुत्र एकाच पटावर पुन्हा पुन्हा येतो आणि पाहणारा चालत चालत कथा जोडत जातो. जोडण्याचं काम पाहणाऱ्याकडे सोपवण्याची युक्ती इतकी जुनी आहे.

छापखाना आल्यावर ती युक्ती घरोघर पोचली. पुण्यात १८७८ मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या पुढाकारानं चित्रशाळा निघाली, १८९४ मध्ये मुंबईत रविवर्म्याचा शिळाछापखाना सुरू झाला. देवादिकांचे चेहरे भिंतीवर आले आणि पाठोपाठ मालाच्या वेष्टनावर गेले. देवाची पत साबण-काडेपेटीला उसनी मिळाली. १९३५ मध्ये जे. जे. कलाशाळेत व्यावसायिक कलेचं शिक्षण सुरू झालं आणि जाहिरातीचं चित्र हा शिकण्याचा विषय झाला. दीनानाथ दलालांनी १९४५ पासून ‘दीपावली’तून आणि रघुवीर मुळगावकरांनी मासिकं-दिनदर्शिकांतून मराठी घराच्या डोळ्याला वळण लावलं. कमल शेडगे यांनी नाटकांच्या नावांना अक्षरांतूनच स्वभाव दिले. जाहिरात वाचण्याआधीच नाटक ऐतिहासिक की विनोदी हे कळायचं. र. कृ. जोशी यांनी अक्षराकडे संस्कृतीचा ऐवज म्हणून पाहिलं आणि त्यांनीच घडवलेला ‘मंगल’ हा टाइप पुढे तलाठी कार्यालयापासून विद्यापीठापर्यंतच्या संगणकांवर बसला. पण हा इतिहास बहुधा पुण्या-मुंबईवरून लिहिला गेला आहे. त्यात खानदेश येतो तो गिऱ्हाईक म्हणून.

खरं तर खानदेश या कलेचा कर्ताही आहे. अमळनेरला १९४५ मध्ये ‘वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स’ ही कंपनी निघाली, आजची विप्रो. तिच्या वनस्पती तुपाचं नाव होतं ‘सनफ्लॉवर’. कारखाना आसपासच्या शेतकऱ्यांकडून भुईमुगाच्या शेंगा घेई. सूर्यफूल तेलबी म्हणून आपल्याकडच्या शेतांत रुजायला अजून दोन-अडीच दशकं होती. म्हणजे त्या नावातलं फूल मालाची यादी सांगत नव्हतं. वनस्पती तुपाकडे साशंकपणे पाहणाऱ्या घराला ते उजेड, ताजेपणा, शेत असं काही सुचवत होतं. रूपक म्हणून हे चोख आहे. आजच्या लेबलाच्या नियमांत ते तपासून पाहणं हा वर्गात घ्यावा असा धडा आहे.

चाळीसगावचे छायाचित्रकार केकी मूस (१९१२–१९८९) यांचा दाखला याहून सूक्ष्म. लोकांतातून अंग काढून घेऊन आयुष्य काढलेल्या या माणसानं टेबल-टॉप छायाचित्रणात नाव कमावलं. साध्या वस्तू टेबलावर मांडायच्या, प्रकाश असा सोडायचा की पाहणाऱ्याला अख्खा निसर्ग दिसावा. मूस यांना काही विकायचं नव्हतं, त्यामुळे त्यांच्या कामात ही यंत्रणा शुद्ध रूपात दिसते : कॅमेऱ्यानं फक्त इशारा दिला, डोंगर आणि रात्र आपल्याच आठवणीतून आली. छायाचित्र म्हणजे पुरावा असं मानणाऱ्या प्रत्येकानं चाळीसगावला एक चक्कर मारावी.

लिहिता-वाचता न येणाऱ्या माणसाला चित्र समजावून सांगावं लागतं, हा शिकलेल्यांचा गैरसमज आहे. असोद्याच्या बहिणाबाई चौधरींना अक्षरओळख नव्हती, आणि पाहण्याची ताकद किती होती हे महाराष्ट्र जाणतो. त्या गेल्या १९५१च्या डिसेंबरात. तेव्हा देशात पहिली सार्वत्रिक निवडणूक सुरू होती. साक्षरता १८ टक्क्यांच्या आसपास. म्हणून प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी आणि पेटीवर चिन्ह. काँग्रेसची बैलजोडी, समाजवाद्यांचं झाड, जनसंघाची पणती, शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनचा हत्ती. पोळ्याला बैलांपुढे हात जोडणाऱ्या मुलखात बैलजोडी हे नुसतं ओळखचिन्ह राहणं शक्यच नव्हतं. चिन्ह पेटीवर जागा अडवतं, पण त्याचा अर्थ गोठ्यात आधीच तयार असतो.

पुढच्या दशकांत गावची भिंत हेच मोठं माध्यम झालं. कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण, खताची पोती, विडीचे बंडल आणि पुढारी एकाच पेंटरच्या हातून उतरले. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन महामार्ग धुळ्यात एकमेकांना छेदतात; त्यामुळे तिथे उभं राहिलं की कितीतरी प्रांतांच्या ट्रकांची अक्षरं डोळ्यांखालून जातात. पेंटर ती पाहत शिकला. त्याच्या अक्षरावरून गावाला माणूस कळायचा आणि चूक झाली तर त्याला चौकात धरता यायचं. ही जबाबदारी नीट लक्षात ठेवायला हवी, कारण पुढच्या बदलात पहिली तीच गेली.

तो बदल म्हणजे फ्लेक्स. रात्री फोटो पाठवला की सकाळी चौकात बॅनर लागतो. वाढदिवसाचा फ्लेक्स हा अलीकडच्या खानदेशातला सर्वांत जास्त दिसणारा आणि सर्वांत कमी अभ्यासला गेलेला मजकूर असावा. त्याचं व्याकरण पक्कं आहे. वरच्या पट्टीत राज्यपातळीचे नेते, त्यांच्याखाली तालुक्याचे, मध्ये ज्याचा वाढदिवस तो पुरुषभर उंच, तळाशी ‘शुभेच्छुक’ मंडळींच्या चेहऱ्यांची रांग. चेहऱ्याचा आकार म्हणजे हुद्दा. वरच्या नेत्याची पत खाली झिरपते आणि खालच्यांची संख्या वर चढते. ‘हा माणूस मोठा आहे’ असं त्यावर कुठेच छापलेलं नसतं. चौकातला माणूस ते गणित स्वतः सोडवतो. तळाच्या रांगेतल्या पोराला त्या दिवशी मिळणारा मान खरा असतो, म्हणून नुसती टर उडवून या फ्लेक्सचा अभ्यास होत नाही.

पाहणाऱ्याचं अर्धं गृहीत धरताना चूक झाली की काय होतं, याची दोन उदाहरणं मला प्रत्येक विद्यार्थ्यापुढे ठेवावीशी वाटतात. २००९ मध्ये तंबाखूच्या पुड्यांवर इशारा म्हणून विंचवाचं चित्र छापणं सक्तीचं झालं. तंबाखू विंचवासारखी डसते, हे रूपक काढणाऱ्याला स्पष्ट होतं. पण ज्या बाजारात विड्या-तंबाखूचे छाप प्राणी, पक्षी आणि वस्तूंवरूनच ओळखले जातात, तिथे विंचू हा आणखी एक छाप वाटू शकतो. २०११च्या अखेरीस त्याच्या जागी तोंडाच्या कर्करोगाची छायाचित्रं आली. रूपक मागे घेऊन वस्तुस्थिती पुढे आणावी लागली.

दुसरं उदाहरण आजही प्रत्येक शेतात आहे. कीटकनाशकाच्या बाटलीवर कोनावर उभा केलेला चौकोन असतो आणि त्याचा खालचा त्रिकोण विषाची तीव्रता सांगतो : लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, मग निळा, आणि हिरवा सर्वांत सौम्य. सौम्य, पण विषच. आता हाच शेतकरी बिस्किटाच्या पुड्यावर हिरवा ठिपका पाहतो तेव्हा तो शाकाहाराची, म्हणजे ‘निर्धास्त खा’ची खूण असते. सिग्नलचा हिरवा म्हणजे चल. आयुष्यभर हिरव्यानं जे शिकवलं, ते बाटलीवरच्या हिरव्यासमोर तो विसरेल अशी अपेक्षा करणं हा मांडणीतला दोष आहे. पिवळ्याचीही तीच गत; हळदीच्या रंगाला जहाल कोण म्हणेल? २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक माणसं गेली. त्यामागे कारणं अनेक होती आणि ती एका त्रिकोणावर ढकलणं चूक ठरेल. पण कपाशी पिकवणाऱ्या मुलखात ही खूण कुणाला कशी कळते हे तपासणं चित्रकाराचं काम आहे, हे त्या वर्षानं सांगितलं.

हा विषय आत्ताच हाती घेण्याचं कारण यातच आहे. चित्र करणं इतकं सोपं आणि करणारा इतका अदृश्य पूर्वी कधीच नव्हता. बनावट बियाण्याचं पाकीट अस्सल पाकिटाची पत रंगासकट उचलतं. कर्ज देणारं ॲप सरकारी दिसणारा निळा रंग आणि राजमुद्रेसारखं काही वापरतं. घडलेलीच नाही अशी सभा संगणक छायाचित्रासारखी रंगवून देतो आणि ती घरच्या ग्रुपवर मामाच्या नावानं येते; पत मामाची, चित्र भलत्याचंच. कायदे आहेत. चमत्कारी औषधांच्या जाहिरातींविरुद्ध १९५४ पासून आहे, दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींवर २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं कारवाई होऊ शकते. पण कायद्याला खोटं विधान पकडता येतं. न बोललेलं अर्धं कसं पकडणार? ते पाहणाऱ्यानंच आपलं आपल्याला पकडायचं असतं.

म्हणून या पुस्तकानं एक साधी शिस्त पाळली आहे. निवडलेल्या प्रत्येक पाटीला, पाकिटाला, फ्लेक्सला तेच चार प्रश्न विचारले आहेत. बोलतंय कोण आणि त्याची पत कुठून आली? दाखवलंय काय? गाळलंय काय? आणि गाळलेलं भरायला पाहणाऱ्याला कुठल्या अनुभवाचा आधार घ्यावा लागतो? उत्तरं देताना पाश्चात्त्य संज्ञा आणि आपलं अलंकारशास्त्र दोन्ही वापरली आहेत. जिथे जे हत्यार धारदार, तिथे ते. सुंदर काय आणि ओबडधोबड काय, याची क्रमवारी लावलेली नाही. चुकीच्या शुद्धलेखनाची पाटी इथे हसण्यासाठी आलेली नाही. तिनं गिऱ्हाईक का आणलं हे समजून घेण्यासाठी आली आहे.

पुस्तकाच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. हा खानदेशातल्या जाहिरातींचा संपूर्ण इतिहास नाही. नंदुरबारच्या आदिवासी भागातली चित्रपरंपरा हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे आणि तिच्यावर इथून निवाडा देणं योग्य झालं नसतं. अहिराणी गाण्यांच्या व्हिडिओंची मुखचित्रं रोज बदलतात. त्यांच्याबद्दल इथे जे लिहिलंय ते या घडीपुरतं समजावं.

वाचक म्हणून डोळ्यांपुढे तीन माणसं होती. जळगाव-धुळ्यात उपयोजित कला शिकणारी मुलगी, जिला पाठ्यपुस्तकात न्यूयॉर्कची पोस्टरं दिसतात आणि बसस्टँडची दिसत नाहीत. फ्लेक्सच्या दुकानात संगणकावर बसलेला मुलगा, जो दिवसभरात शहरातल्या कुठल्याही वक्त्यापेक्षा जास्त लोकांशी बोलतो आणि स्वतःला फक्त ऑपरेटर समजतो. आणि ज्याच्यासमोर हे सगळं लावलं जातं तो माणूस, म्हणजे आपण सगळेच.

या तिघांकडून पुस्तकाची अपेक्षा सारखी नाही. शिकणारीनं आपलं चित्र छापायला देण्याआधी ते चार अनोळखी माणसांना दाखवावं आणि त्यांनी उरलेलं अर्धं काय भरलं ते ऐकावं. दुकानातल्या मुलानं गाळलेल्या गोष्टीची जबाबदारी छापलेल्या गोष्टीइतकीच आपली मानावी. पेंटरला चौकात धरता येत होतं, तसं आपल्यालाही धरता यावं अशा बेतानं काम करावं. पाहणाऱ्यानं एखादं चित्र फारच लवकर पटलं तर क्षणभर थांबून विचारावं, यातलं माझं किती आणि त्यांचं किती. या पुस्तकातल्या अन्वयार्थांनाही हाच प्रश्न लावावा. एखादी पाटी आम्ही चुकीची वाचली असं वाटलं, तर ती ज्या चौकात आहे तिथल्या माणसाचं वाचन आमच्यापेक्षा जास्त भरवशाचं धरावं.